नागणसुरे बाईंच्या माश्या

नागणसुरे बाईंच्या वर्गातली मुलं सकाळच्या प्रार्थनेला पिवळ्या नाकानं उभी राहत. आमची शाळा सोलापुरात, हातमाग-यंत्रमागांच्या वस्तीत होती. मागच्या बाजूला मुतारीच्या भिंतीवर बाईंनी भोपळ्याचा वेल चढवला होता. शाळा भरायच्या आधी त्या मुलांना वेलाशी नेत आणि एकेका फुलात नाक घालायला लावत. आधी नर फुलात, मग मादी फुलात. "आज तुमी माशी," त्या सांगत. "माशी काय हातात पुस्तक घेऊन जाती का? तोंड घालती. घाला तोंड." मुलं तोंड घालत, शिंकत, एकमेकांना ढकलत आणि नाकाच्या शेंड्यावर पराग घेऊन रांगेत येऊन उभी राहत. "खरा तो एकचि धर्म"सारखं काहीतरी गंभीर म्हणायच्या वेळी समोर पन्नास पिवळी नाकं दिसली की मुख्याध्यापकांना आकाशाकडे बघावं लागे.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीची आई मागावरून उठून तशीच शाळेत आली. पदराला सुताचे धागे चिकटलेले होते.

"मास्तर, आमच्या पोरीला हळद लावून घरी पाठवताय. लगीन ठरवलं का तिचं? आमाला इचारायचं तरी."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीचा शिक्षक, शब्दांचा माणूस, म्हणून असली प्रकरणं माझ्याकडे येत. मी काही बोलायच्या आत नागणसुरे बाई त्या आईला हाताला धरून वेलाकडे घेऊन गेल्या. काय सांगितलं कोण जाणे. परत आली तेव्हा तिच्या ओच्यात भज्यांसाठी ओंजळभर नर फुलं होती आणि ती मुलीला म्हणत होती, "उद्या नीट घास गं नाक."

बाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि चिडल्या की दोन्हींची मिसळ. मुलग्यांना त्या 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. अंगानं किरकोळ, चालणं भरभर, सुती लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. शहरात त्यांनी एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथं लकवा झालेले वडील असत. सिव्हिल हॉस्पिटलात त्यांना मालिश आणि औषधं मिळत, त्यासाठीच बाईंनी सोलापूरची नोकरी धरली होती. गावाकडे त्यांना शाळा मिळाली असती, पण तिथं डॉक्टर नव्हता.

नोकरी तरी कसली. त्या काळी खासगी शाळांत एक पद्धत होती. नव्या शिक्षकाला एप्रिलअखेर कमी करायचं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचं. मे महिन्याच्या सुट्टीचा पगार वाचे आणि शिक्षकाला आपली जागा कळे. दोन वर्षं अशी काढली की तिसऱ्या जूनला कायम करायचं, असा आमच्या संस्थेचा रिवाज होता. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतरच्या जूनमध्ये बाई रुजू झाल्या. दुसऱ्या वर्षी जी गोष्ट घडली ती सांगण्यासाठी मी हे लिहितो आहे. तीच गोष्ट मी आयुष्यभर अनेकदा सांगितली आहे. वेगळी करून सांगितली आहे.

त्यांचं शिकवणं पुस्तकाच्या बाहेर असे. वेलावरच्या काही मादी फुलांना त्यांनी उमलायच्या आधीच फडक्याच्या पिशव्या बांधल्या, आत माशी जाऊ नये म्हणून. ज्या फुलांत मुलांनी नाकं घातली त्यांच्या देठाला तांबडं सूत बांधलं. जी माश्यांसाठी सोडली त्यांना हिरवं. सुताला आमच्याकडे तोटा नव्हता, पोरं घरून मागाखाली पडलेले तुकडे खिसे भरून आणत. पिशवीतली बोंडं चार दिवसांत पिवळी पडून गळाली. तांबड्या सुताचे भोपळे धरले, पण एका अंगानं फुगलेले, वाकडे. हिरव्या सुताचे गोल, घोटीव.

"बाई, आमचा असा वाकडा का?" एका मुलानं विचारलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"तम्मा, तू एकदा नाक लावलास आणि पेरू खायला गेलास. ती सकाळभर येत होती."

मंडईत नेऊन त्यांनी मुलांना भाज्यांचे दोन ढीग ओळखायला लावले होते. दोडका, काकडी, कारलं, कलिंगड हे माशीचं. शेवग्याच्या शेंगा काळ्या भुंग्याच्या. ज्वारीला वारा पुरतो. "भाकरी वाऱ्याची, कोरड्यास माशीचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोरड्यास म्हणजे आमच्याकडे भाकरीबरोबरचं कालवण. वस्तीतली पोरं संपात वाढलेली. म्हणून परीक्षेत बाईंनी प्रश्न घातला: माश्या संपावर गेल्या तर तुझ्या ताटात काय उरेल? एका मुलीनं लिहिलं, "भाकरी, मीठ आणि वडिलांचा राग." बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी ते कमी करायला लावले, कारण राग हा अन्नघटक नव्हे.

मला हे सगळं गमतीचं वाटे. शिक्षकांच्या खोलीत मी बाईंच्या बोलण्याची नक्कल करत असे आणि ती चांगली करत असे. एकदा त्यांनी दारातून ऐकली. आत येऊन हजेरीपट उचलला आणि म्हणाल्या, "पाठक सर, आवाज जमला. हात मात्र कमी हलवा. मी एवढं हलवत न्हाय."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फाटकाजवळच्या पिंपळावर आग्यामोहोळ बसलं. आसपासच्या रानात करडई फुलायला लागली की माश्या यायच्या, तशा आल्या. सुपाएवढं मोहोळ, काळपट, अंगावर लहर उठल्यासारखं हलणारं. मुख्याध्यापक ते जाळायचं म्हणत होते. बाईंनी गळ घातली. करडईचा हंगाम संपला की त्या आपणहून जातील, तोवर त्यांना डिवचू नका, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि शनिवारच्या कवायतीनंतर त्या शाळेतल्या सगळ्या मुलांकडून एक वेगळीच कवायत करून घेऊ लागल्या. बाईंनी टाळी वाजवली की सदऱ्यानं, झग्यानं, दप्तरानं तोंड झाकायचं. हात हलवायचे नाहीत. ओरडायचं नाही. सरळ वर्गात शिरायचं आणि खिडक्या लावून घ्यायच्या. मैदानावरून तीन-चारशे बिनडोक्याची पोरं मुकाट्यानं चालली आहेत, हे दृश्य मी शिक्षकांच्या खोलीतून चहा पिता पिता पाहत असे. त्याला मी 'भुतांची परेड' असं नाव दिलं होतं. ते नाव शाळेत चाललं.

जानेवारीत शिक्षण खात्याचे एक मोठे साहेब येणार असं ठरलं. शाळेला वरचे वर्ग सुरू करायची परवानगी हवी होती आणि ती त्यांच्या शेऱ्यावर अवलंबून होती. स्वागताची जबाबदारी माझ्याकडे. बैठकीत बाई म्हणाल्या, "साहेबांना मागच्या दारानं आणू या. आणि फटाके, धूर, बँड काय नको. झाडाखाली आवाज झाला की त्या उठतील."

"मागच्या दारानं म्हणजे मुतारीवरून?" मी म्हणालो. "साहेब शेरा काय लिहितील?"

सगळे हसले. पण मुख्याध्यापकांनी फटाक्यांपुरतं मान्य केलं. बँड शेवटच्या क्षणी रद्द करता येणार नव्हता, तर तो फाटकापासून लांब वाजवायचा, असं ठरलं. मीही मान डोलावली.

त्या दिवशी सकाळी संस्थेच्या अध्यक्षांनी फटाक्यांची एक लांबलचक माळ पाठवली. अध्यक्षांचा चादरींचा कारखाना होता आणि मुलाच्या लग्नातली माळ उरली होती. अध्यक्षांची माळ परत पाठवायची म्हणजे काय, हे ज्यानं खासगी संस्थेत नोकरी केली आहे त्याला सांगायला नको. सिद्राम शिपाई माळ हातात घेऊन माझ्याकडे आला.

"सर, ही कुटं लावायची? बाई नको म्हनल्यात की."

"फाटकाशी लाव," मी म्हणालो. "बाई शास्त्र शिकवतात. स्वागत मला शिकवू नका म्हणावं."

हे वाक्य मला तेव्हा फार छान जमलं असं वाटलं होतं.

साहेबांची जीप थांबली, अध्यक्ष हार घेऊन पुढं झाले आणि सिद्रामनं माळ पेटवली. माळ अर्धी वाजली असेल. पिंपळावरची ती काळी लहर एकदम सुटली. पुढचा प्रकार मी फार वेळा विनोद करून सांगितला आहे, आता साधा सांगतो. साहेब पाण्याच्या हौदात उतरले. अध्यक्ष व्यासपीठावर अंथरलेल्या स्वतःच्याच कारखान्याच्या चादरीखाली आडवे झाले. बँडवाल्यांनी वाद्यं टाकली आणि पळाले. मुख्याध्यापक प्रयोगशाळेच्या कपाटात सापडले. मी मैदानात गोल गोल पळत होतो आणि दोन्ही हात जितके हलवता येतील तितके हलवत होतो.

मैदानावर एकही मूल नव्हतं. बाईंची टाळी मला ऐकूसुद्धा आली नव्हती. स्वागतगीतासाठी उभी केलेली मुलं तोंडं झाकून, चालत, वर्गात गेली होती आणि खिडक्या लागल्या होत्या. एका खिडकीची फट किलकिली झाली आणि आतून तिसरीतल्या मुलीचा आवाज आला. तो मला अजून ऐकू येतो. अगदी समजुतीचा आवाज होता.

"सर, हात हलवू नका. तोंड झाकून सरळ आत या."

मला ते जमलं नाही. बाई ओलं पोतं डोक्यावर घेऊन बाहेर आल्या, त्याच पोत्याखाली मला घेतलं आणि वर्गात ओढलं. मग पुन्हा बाहेर गेल्या आणि साहेबांना हौदातून काढून आणलं. मला बाकावर बसवून पट्टीच्या कडेनं माझ्या मानेतले काटे काढले. मुलं भोवती उभी होती आणि बाई त्यांना दाखवत होत्या. "चिमटीत धरून उपटायचा न्हाय. उपटला की विष आत जातं. असा खरवडायचा. बघा, सरांच्या मानेवर लई चांगलं दिसतंय." माझी मान त्या दिवशी त्यांचं शैक्षणिक साधन झाली. एका मुलानं काटे मोजायला सुरुवात केली तेव्हा बाईंनी त्याला गप्प केलं. तेवढी दया त्यांनी दाखवली.

संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्षांचा ओठ सुजून हनुवटीपर्यंत आला होता. ते म्हणाले, "माश्या उठल्या कशानं?"

खोलीत प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. माळ कुणाची होती हेही माहीत होतं. म्हणून कुणी बोललं नाही. सिद्राम दारात उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. त्याच्याकडे अध्यक्षांचं लक्ष जायच्या आत मी म्हणालो, "एखाद्या पोरानं दगड मारला असेल."

"कुणाच्या वर्गातल्या?"

"आता... माश्यांचं वेड बाईंच्याच पोरांना."

माझ्या मनात त्या क्षणी बाईंचं वाईट करायचं असं काही नव्हतं. वाईट करण्याइतका विचारही मी केला नव्हता. एक वाक्य हवं होतं, ते सुचलं.

बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातलं पोर दगड मारणार न्हाय. सगळी पोरं मी मोजून आत घेतली, हातात दगड कुणाच्या नव्हता. माळ वाजली की हो."

अध्यक्ष छताकडे पाहू लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मुळात मोहोळ ठेवा असं कोण म्हणालं होतं?"

"मी."

"झालं तर मग."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही डोळे सुजून मिटत आले होते. सुजेचा मला तेवढा उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी मोहोळ जाळलं गेलं. पिंपळाखाली मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. मुलं त्याला वळसा घालून शाळेत येत होती. "बाई, आता भोपळ्याचं काय?" एकानं विचारलं. बाई म्हणाल्या, "आता रोज नाक घालायचं. पेरू खायला जायचं न्हाय."

महिन्याभरानं साहेबांचा शेरा आला. आकस्मिक आपत्तीच्या प्रसंगी शाळेच्या विद्यार्थ्यांनी दाखवलेली शिस्त अन्यत्र अभावानंच आढळते, असं त्यांनी लिहिलं होतं. एकाही विद्यार्थ्याला इजा झाली नाही याबद्दल मुख्याध्यापकांचं खास अभिनंदन केलं होतं. वरच्या वर्गांना परवानगी मिळाली. 'भुतांची परेड' म्हणून मी जिला हसत होतो तिच्यामुळं शाळा वाढली, आणि शाळा वाढली म्हणून मी पर्यवेक्षक झालो. एप्रिलअखेर बाईंना रिवाजाप्रमाणे कमी केलं. जूनमध्ये बोलावलं नाही. कमी करणं रिवाजातच बसत होतं, म्हणून रिवाज मोडला असंही कुणाला म्हणता आलं नसतं.

त्या जूनमध्ये त्या एकदा शाळेत आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर बसून होत्या. मी त्यांना पाहिलं आणि दुसऱ्या जिन्यानं वर गेलो. सिद्रामनं त्यांना पाणी दिलं. नंतर त्यानं मला सांगितलं, "बाई इचारत हुत्या, निदान सहा महिने तरी ठेवतील का. म्हाताऱ्याचं मालिश चालू हाय म्हनल्या." मी म्हणालो, "बघू." पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

आणि मग तो किस्सा तयार झाला. पहिल्यांदा मी तो स्नेहसंमेलनात सांगितला. हौदातले साहेब, चादरीखालचे अध्यक्ष, कपाटातले मुख्याध्यापक. लोक हसून हसून वाकले. त्यात दगड मारणारं पोर होतं आणि पदर खोचून माश्यांना कानडीत हाका मारणाऱ्या बाई होत्या. फटाक्यांची माळ नव्हती. पुढं मला लग्नात, निवृत्तीच्या समारंभात, सहलीच्या बसमध्ये तो सांगायची फर्माईश होऊ लागली. दरवेळी दगड मोठा होत गेला. माझ्या अंगी कथनाची कला आहे असं लोक म्हणत, आणि तिचा पुरावा म्हणून हाच किस्सा देत.

चार-पाच वर्षांनी अकलूजजवळच्या एका गावात वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो. सकाळी लवकर पोचलो तर शाळेत कुणी नव्हतं. मुलं शेजारच्या रानात होती. त्या भागात सूर्यफूल तेव्हा नवंनवं आलं होतं. फूल ताटाएवढं व्हायचं आणि आत दाणे पोचट निघायचे, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. मुलं हातांना मऊ फडकी गुंडाळून एका फुलावरून दुसऱ्या फुलावर अलगद फिरवत होती. बांधावर नागणसुरे बाई उभ्या होत्या. केस पांढरे व्हायला लागले होते.

पलीकडच्या शेतातून एकानं हाक मारली, "बाई, उद्या आमच्याकडं धाडा की पोरं."

"रांगेत या," बाई ओरडल्या. "आणि फूल असताना औषध मारू नगा म्हनून सांगितलं हुतं. सकाळी तर मारूच नगा. तुमीच माश्या मारायच्या आणि पोरं माझी राबवायची व्हय?"

मला पाहून त्यांनी पदर सारखा केला. "या, पाठक सर. मान बरी हाय न्हवं?"

शाळेच्या पायरीवर बसून आम्ही चहा प्यालो. त्या इथं कायम झाल्या होत्या. मी वडिलांची चौकशी केली.

"अप्पा गेले. इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी."

"इथं डॉक्टर..."

"न्हवता."

मी येताना एसटीत बसून मनाशी काही वाक्यं जुळवली होती असं नाही, मला त्या भेटतील हेच ठाऊक नव्हतं. पण वाक्यं हा माझा धंदा. मी सुरुवात केली, "बाई, त्या दिवशी त्या बैठकीत..."

"किस्सा ऐकला मी," बाई म्हणाल्या. "आपल्या शाळेतला एक पोरगा हितं साखर कारखान्यात लागलाय. त्याच्या बहिणीच्या लग्नात तुमी सांगितलात म्हणे. त्यानं मला जसाच्या तसा करून दाखवला. चांगला सांगता."

मी चहाचा घोट घेतला.

"त्यात एक चूक हाय, सर."

मी कप खाली ठेवला. आता काय येणार ते ऐकायची माझी तयारी होती. खरं सांगायचं तर मला ते यायलाच हवं होतं.

"तुमी म्हणता, नर माश्यांची पलटण साहेबांवर तुटून पडली. नराला नांगी नसती. चावतात त्या सगळ्या मादी, कामकरी. पोरं तुमचं ऐकतात, ध्यानात ठेवतात. चुकीचं शिकतील. तेवढं दुरुस्त करा."

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं शास्त्र न्हाय," बाई म्हणाल्या. "ते तुमचं तुमी बघा."

घंटा झाली. त्या उठल्या, कप विसळून पालथा घातला आणि मुलांना रांगेत घ्यायला गेल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. त्या वारल्याचं मला त्याच कारखान्यातल्या मुलाकडून कळलं. तोही आता निवृत्त झाला आहे.

अकलूजकडे बाई भेटल्या त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात किस्स्याची फर्माईश झाली. मी नर माश्या काढून टाकल्या आणि कामकरी माद्यांची पलटण घातली. तेवढं दुरुस्त केलं. दगड होता तिथंच राहू दिला. लोक नेहमीइतकेच हसले.